मोरजीच्या पाहुणीचा प्रश्न : युद्ध सुरू करणाऱ्याला जाब कोण विचारणार?

मोरजीकर

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी मासळी आणि शेतीच्या धाग्यांवर असतो. आज वेगळे लिहितोय आणि जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गोव्यात मोरजीला, समुद्रापासून पाच मिनिटांवर, आमच्या भाटात म्हणजे माडांच्या बागेत पाहुण्यांसाठी माझ्या चार खोल्या आहेत. हंगामात बहुतेक रशियन पाहुणे, थोडे युक्रेनियन. २०२२च्या फेब्रुवारीत दोन नंबरच्या खोलीत खारकीवची एक बाई आणि तिचा सात वर्षांचा मुलगा राहत होता, तीन नंबरमध्ये पीटर्सबर्गचे जोडपे. मुले एकत्र खेळायची, बायका एकाच शेगडीवर चहा करायच्या. २४ तारखेला, रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या सकाळी, पोदेराकडून पाव घेऊन आलो तर ती खारकीवची बाई माडाखाली फोन कानाला लावून बसलेली. पलीकडून कोणी उचलत नव्हते. तिची आई साल्तिवकात राहायची. खारकीवच्या त्या बाजूला उंच उंच इमारतींची मोठी वस्ती आहे, आणि पहिल्या दिवसापासून तोफा तिथेच पडत होत्या. थोड्या वेळाने तीन नंबरची रशियन बाई आली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. दोघी कितीतरी वेळ एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत. पाव तसेच हातात घेऊन मी उभा होतो, पुढे जावे की मागे फिरावे ते कळेना.

आई वाचली. कित्येक दिवस मेट्रोच्या स्टेशनात झोपली, मग पोलंडला गेली. घर राहिले नाही.

या हंगामात ती बाई परत आली. आल्याआल्या मला विचारले, मार्च २०२२ मध्ये आईच्या घराचे फोटो तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, ते आहेत का? तिचा तेव्हाचा फोन हरवला. हेगला नुकसानीची एक नोंदवही उघडली आहे, तिथे दावा घालायचा आहे. माझा जुना फोन घरात कुठेतरी पडलाय, शोधतोय.

पण त्या रात्री जेवताना तिने जे विचारले ते डोक्यातून जात नाही. म्हणाली, तोफ डागणाऱ्या शिपायाला कधीतरी पकडतील, घराचे पैसेही कदाचित मिळतील, पण ज्याने हे युद्ध सुरू करायचे ठरवले त्याला कोण पकडणार? तुमच्या देशात तर तो पाहुणा म्हणून येतो. २०१६ला पुतिन ब्रिक्सच्या बैठकीसाठी आमच्या बाणावलीत आला होता ते मला आठवले. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीला आला होता तेही. माझ्याकडे उत्तर नव्हते. इथे वकील आहेत, मास्तर आहेत. कोणी नीट समजावून सांगेल का?

म्हापसा_कोर्ट

मोरजीकरदादा, आधी कामाचे सांगतो, कायदा नंतर.

तो फोन सापडला की त्यातले काहीही पुढे पाठवू नका, कापू नका, 'साफ' करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून येताना फोटो दाबला जातो, कुठे आणि कधी काढला ही आतली माहिती निघून जाते. पण संदेश तुमच्याकडे कधी आला त्याची वेळ गप्पांमध्ये राहते, आणि इथे तीच मोलाची आहे. नुसता स्क्रीनशॉट दुबळा. फोन जपून ठेवा, त्या गप्पांची पूर्ण प्रत काढा, एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि कोणत्या दिवशी काय केले ते वहीत लिहा. अशा डिजिटल पुराव्याची काळजी कशी घ्यायची याचे आंतरराष्ट्रीय नियम २०२० मध्ये बर्कली प्रोटोकॉल या नावाने आले, त्यांचे सार थोडक्यात हेच आहे. आणखी एक विनंती. त्या मुलाला काही विचारू नका. हौशी लोकांनी चार वेळा विचारलेला साक्षीदार पाचव्यांदा वेगळे बोलतो, आणि विरुद्ध बाजूचा वकील नेमके तेच पकडतो. शिवाय त्या पोराला पुन्हा त्यातून जावे लागते ते वेगळेच.

ती म्हणते ती नोंदवही खरी आहे. मे २०२३ मध्ये रेक्याविकला युरोप परिषदेने ती स्थापन केली, कार्यालय हेगला. एप्रिल २०२४ पासून दावे घेतात आणि पहिले दावे घेतले ते पडलेल्या राहत्या घरांचेच. तिथे खटला चालत नाही, नुकसान आणि पुरावा नोंदला जातो. पैसे कुठून येणार हा निराळा वाद. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर परदेशांत गोठवलेले आहेत, त्यातले बहुतेक बेल्जियममध्ये.

आता तिचा मुख्य प्रश्न. तो फार अचूक आहे, कारण कायद्यातले भगदाड तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय चार प्रकारचे गुन्हे बघते: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा. पहिल्या तिन्हींसाठी युक्रेनच्या भूमीवर या न्यायालयाचा हात पोहोचतो. युक्रेन तेव्हा सदस्य नव्हता, पण २०१४ आणि २०१५ मध्ये त्याने अधिकार मान्य केल्याचे लिहून दिले होते. त्याच जोरावर १७ मार्च २०२३ रोजी पुतिन यांच्यावर आणि बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट निघाले. आरोप होता व्याप्त भागातली मुले बेकायदा रशियात नेल्याचा. युक्रेन सरकारच्या यादीत अशी १९ हजारांहून अधिक मुले आहेत. पुढच्या वर्षी वीजकेंद्रांवरच्या हल्ल्यांसाठी माजी संरक्षणमंत्री शोइगू आणि सेनाप्रमुख गेरासिमोव यांच्यावरही वॉरंट निघाले.

पण युद्ध सुरू करणे, तो मूळचा निर्णय, या कुठल्याच वॉरंटात नाही. आक्रमणाच्या गुन्ह्याची व्याख्या २०१०ला युगांडातल्या कंपालात ठरली आणि १७ जुलै २०१८ पासून लागू झाली. ठरवतानाच मोठ्या देशांनी अट घालून घेतली: जो देश सदस्य नाही त्याच्या नागरिकावर हा खटला चालणार नाही, सुरक्षा परिषदेने प्रकरण पाठवले तरच. आणि सुरक्षा परिषदेत रशियाकडे नकाराधिकार आहे. पुढचे तुम्हीच समजा.

हा फरक निव्वळ वकिली नाही. युद्धाच्या कायद्यानुसार एका सैनिकाने लढताना समोरच्या सैनिकाला मारले तर तो गुन्हा नाही. म्हणजे आपल्या गावचे रक्षण करताना मेलेला युक्रेनियन पोरगा आणि खोटे सांगून आघाडीवर आणलेला रशियन पोरगा, दोघांचेही मरण युद्धगुन्ह्यांच्या यादीत कुठेच बसत नाही. असे हजारो. त्यांच्या आयांना कायद्यात एकच जागा आहे, आक्रमणाचा गुन्हा. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालात १९४६ सालीच म्हटले होते की हा सर्वांत वरचा गुन्हा, कारण बाकीच्या सगळ्या गुन्ह्यांचे विष त्याच्याच पोटात असते. तेव्हा त्याला शांततेविरुद्धचा गुन्हा म्हणत, आणि तो खटल्यात यावा यासाठी आग्रह धरणाऱ्यांत सोव्हिएत बाजूही होती.

तारवटी

वकीलसाहेब, तुमचा अभ्यास मोठा आहे, पण हे सगळे वाचून माझ्या डोक्यात एकच येते. २००३ साली इराकवर कोण गेले? मी तेव्हा आखातात जहाजावर होतो. सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, ज्या शस्त्रांसाठी गेले ती सापडली नाहीत. ब्रिटनने २०१६ मध्ये जाडजूड अहवाल काढला, पण कोणाला एक दिवस तरी कोठडी झाली का? गाझात काय चालले ते सगळे जग फोनवर बघते. मग कायदा फक्त रशियासाठी का?

मी युक्रेनच्या बाजूचा नाही असे समजू नका. माझा भाचा २०२२ मध्ये युक्रेनच्या मिकोलाइव्ह बंदरात जहाजावर अडकला होता. आमच्या ताईने ते दिवस कसे काढले ते मी पाहिले आहे. राग मलाही आहे. पण अर्ध्यांसाठी कोर्ट आणि अर्ध्यांसाठी बैठकीचे आमंत्रण, याला मी न्याय म्हणू शकत नाही.

साळगावची_विधी

तारवटीकाका, गाझाच्या बाबतीत एक दुरुस्ती. त्याच न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यावर वॉरंट काढले आहे. ते अमलात येत नाही ही गोष्ट खरी. इराकबद्दल मात्र तुमचे शंभर टक्के बरोबर. २००३ साली आक्रमणाच्या गुन्ह्याची व्याख्याच तयार नव्हती, आणि नंतर तयार झाली तीही मागच्या काळाला लागू नाही.

मांडवीकाठ

आणि आपण? २ मार्च २०२२ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत रशियाने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला, १४१ देश बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. तटस्थांत भारत. मानवी हक्क परिषदेने चौकशी आयोग नेमला, तिथेही तटस्थ. नोव्हेंबर २०२२ मध्ये नुकसानभरपाईचा ठराव आला, पुन्हा तटस्थ. मार्च २०२२ मध्येच देशादेशांतले वाद ऐकणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने रशियाला लष्करी कारवाई थांबवायला सांगितले, १३ विरुद्ध २ मतांनी, आणि त्या १३ न्यायाधीशांत आपले दलवीर भंडारी होते. त्या मताचा मला अभिमान वाटला. सरकारच्या मतांचा नाही वाटला. तेल, शस्त्रे, खते, सगळे समजते. तरी कीवजवळच्या बुचाच्या रस्त्यावरची प्रेते पाहिल्यावर तटस्थ हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही.

फोंड्याचा_मास्तर

गोव्यात बसून हा विषय बोलायचा तर १९६१ टाळून चालणार नाही. मी तीस वर्षे इतिहास शिकवला, आणि हा धडा दर वर्षी जड गेला.

१८ डिसेंबर १९६१. आपले सैन्य गोव्यात शिरलेले, आणि न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत पोर्तुगालची तक्रार: भारताने आक्रमण केले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने ठराव मांडला की लढाई थांबवा आणि सैन्य मागे घ्या. ७ मते बाजूने, ४ विरोधात. विरोधात सोव्हिएत संघ, इजिप्तचे संयुक्त अरब प्रजासत्ताक, सिलोन आणि लायबेरिया. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. आपण सुटलो ते त्या एका हाताने. आणि २५ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच सभागृहात, त्याच खुर्चीतून, तोच हात स्वतःच्या आक्रमणाच्या बचावासाठी वर गेला. ११ बाजूने, १ विरोधात, ३ तटस्थ, त्या तिघांत आपण. मी टीव्हीवर पाहत होतो आणि माझ्या पोटात गोळा आला. ज्या नकाराधिकाराचे आपण साठ वर्षे उपकार मानले, त्याचे दुसरे तोंड त्या दिवशी दिसले.

तारवटी

हेच तर म्हणतोय मास्तर. प्रत्येक जण स्वतःच्या लढाईला मुक्ती म्हणतो. रशियाही तेच म्हणतो. मग तुमची मुक्ती खरी आणि त्याची खोटी, हे ठरवणार कोण?

फोंड्याचा_मास्तर

ठरवायला कागद आहेत, भावा. डिसेंबर १९६०, म्हणजे लढाईच्या वर्षभर आधी, महासभेने नाव घेऊन जाहीर केले की गोवा हा स्वतःचे राज्य नसलेला प्रदेश आहे आणि पोर्तुगालने त्याबद्दल माहिती द्यावी. पोर्तुगाल म्हणे, हा आमचा परदेशातला प्रांत. त्याआधी चौदा वर्षे, १९४६ पासून, इथली माणसे तुरुंगात जात होती. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीला आणि इतर नाक्यांवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, वीसहून अधिक मेले. मोरजीकर, ती जागा तुमच्याच पेडणे तालुक्यातली. त्याच वर्षी पोर्तुगाल दादरा-नगरहवेलीसाठी हेगच्या न्यायालयात गेला, १९६०ला निकाल लागला, आणि सैन्य नेण्याचा हक्क त्याला मिळाला नाही.

उलट युक्रेन. १९९४ साली बुडापेस्टच्या करारात रशियाने स्वतः सही करून त्याच्या सीमा मान्य केल्या, आणि त्या बदल्यात युक्रेनने अण्वस्त्रे सोडली. कोणत्या महासभेने युक्रेनला कोणाची वसाहत म्हटले होते?

तरीही मुलांना मी दोन्ही बाजूंची भाषणे सांगत आलो. आपण बळ वापरले हे खरेच, आणि त्यावर कायद्याच्या पंडितांचे आजही एकमत नाही. गोव्याच्या मुक्तीबद्दल मला तिळमात्र शंका नाही, म्हणूनच तो प्रश्न ऐकून घ्यायची मला भीती वाटत नाही. १४ डिसेंबर १९७४ला महासभेने आक्रमणाची व्याख्या केली, त्यात वसाहतीखालच्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क राखून ठेवला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला पोर्तुगालने करार करून गोवा भारताचा असल्याचे मान्य केले.

म्हापसा_कोर्ट

मास्तरांनी माझे काम सोपे केले. त्या १९७४च्या व्याख्येवरच कंपालाची व्याख्या उभी आहे.

तारवटीदादा, तुमचा आक्षेप मला खरा वाटतो आणि तो झटकून टाकायचा नाही. पण त्यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे सगळ्यांना धरता येत नाही तर कोणालाच धरू नका. दुसरी, धरलेल्या पहिल्या माणसापासून पुढच्याला धरायची रीत पाडा. आपल्या कोर्टात बडा बिल्डर सुटतो म्हणून आपण चोरीचे कलम रद्द करत नाही.

आणि भगदाड बुजवायचा प्रयत्न चालू आहे. २५ जून २०२५ रोजी स्ट्रासबर्गला युक्रेन आणि युरोप परिषदेने करार केला, फक्त आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी विशेष न्यायाधिकरण. हा गुन्हा नेत्यांचाच असतो, ज्याच्या हाती राज्याची किंवा सैन्याची सूत्रे आहेत त्याचाच. शिपायाला तो लागत नाही. आरोपी हजर नसतानाही खटला चालवायची तिथे सोय आहे. त्यात मला खटकणारी गोष्ट अशी की राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री पदावर असेपर्यंत त्यांच्यावरची कार्यवाही थांबलेली राहणार. दोषारोप तयार करून ठेवता येईल, पुढे जाता येणार नाही. मोरजीकर, तुमच्या पाहुणीला हे सांगताना लपवू नका. ती बाई इतके भोगून आली आहे, तिला गोड बोलून फसवणे बरे नव्हे.

वॉरंटाचा मात्र उपयोग नाही असे म्हणू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिक्सची बैठक जोहान्सबर्गला होती. दक्षिण आफ्रिका न्यायालयाची सदस्य, पकडावे लागले असते, म्हणून पुतिन गेले नाहीत, पडद्यावरून बोलले. बाणावलीत आलेला माणूस जोहान्सबर्गला जाऊ शकला नाही, मधल्या सात वर्षांत एवढे बदलले. मंगोलियाने मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना येऊ दिले आणि न्यायालयाने मंगोलियाला दोषी धरले. भारत सदस्यच नाही, त्यामुळे आपल्यावर बंधन नाही. हे न्यायालय स्थापायला १९९८ साली रोमला मतदान झाले तेव्हाही आपण तटस्थ होतो.

वॉरंट म्हातारे होत नाही, हे ध्यानात ठेवा. बोस्नियातल्या सर्बांचा नेता राडोवान कारादझिच तेरा वर्षे लपला, २००८ मध्ये बेलग्रेडला सापडला तेव्हा दाढी वाढवून वैदूगिरी करत होता. आज जन्मठेप भोगतोय, स्रेब्रेनित्सातल्या आठ हजार पुरुष आणि मुलांच्या हत्येसाठी. लायबेरियाच्या चार्ल्स टेलरला ५० वर्षे. फिलिपिन्सचे दुतेर्ते मार्च २०२५ मध्ये विमानातून उतरले ते पोलिसांच्या हातात, आणि हेगला गेले. यातल्या प्रत्येकाला एकेकाळी हात लावणे अशक्य वाटत होते. सर्बियाचा मिलोसेविच निकालाआधी कोठडीत मेला, तेही सांगतो.

मांडवीकाठ

आणि यादीतला गरीब? २०२२च्या मे महिन्यात युक्रेनच्या कोर्टात पहिला युद्धगुन्ह्याचा खटला झाला तो २१ वर्षांच्या रशियन सार्जंटचा. ६२ वर्षांच्या माणसाला गोळी घातली, कबूल केले, जन्मठेप, अपिलात १५ वर्षे. शिक्षा योग्यच. पण पिंजऱ्यातला तो पोरगा पाहून मला वाटले, याला इथे पाठवणारा कुठे आहे?

म्हापसा_कोर्ट

अगदी. म्हणूनच त्या न्यायाधिकरणाची गरज आहे.

साळगावची_विधी

सर, एक प्रश्न. समजा त्या खारकीवच्या बाईच्या वस्तीवर तोफा डागायचा हुकूम देणारा अधिकारी उद्या सुट्टीसाठी आपल्या मोपा विमानतळावर उतरला. आपण काही करू शकतो का? जर्मनीत कोब्लेंझच्या कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये सीरियाच्या एका कर्नलला, सीरियातल्या छळाबद्दल, जर्मन कायद्याखाली जन्मठेप दिली. तसे इथे?

म्हापसा_कोर्ट

विधी, कागदावर एक वाट आहे. १९६०चा जिनीव्हा करार कायदा. त्या करारांचा गंभीर भंग भारताबाहेर, कोणीही केला असला तरी त्यात शिक्षा आहे. पण खटला फक्त सरकार भरू शकते, मी किंवा तू नाही. आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा वंशसंहार यांचे कलम आपल्या कायद्यात नाहीच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये १९८४च्या शीख हत्याकांडाच्या निकालात ही उणीव स्पष्ट लिहिली. नंतर दंडसंहिता बदलून भारतीय न्याय संहिता आली, तरी ती जागा रिकामीच राहिली. मला याचे फार वाईट वाटते. परक्यांसाठी नको, आपल्या स्वतःच्या माणसांसाठी तरी ते कलम हवे होते.

सावयवेऱ्याची_आजी

नातीकडून लिहून घेते आहे. चार दिवस हा धागा ती मला वाचून दाखवते.

मी तेव्हा आठ वर्षांची होते. आमच्या गावात मोहन रानडे गुरुजी मराठी शिकवायला आले होते. माझा थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली शिकला. १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला झाला, गुरुजींना गोळी लागली आणि ते पकडले गेले. पुढे आमच्या काकांना घरातून नेले. काका कशातही नव्हते. एवढेच की रात्री कोणालातरी पेज वाढली होती. कोणत्या ठाण्यात नेले ते मी इथे लिहीत नाही. अठरा दिवसांनी परत आले. उजव्या हाताने त्यांनी पुन्हा कधी नांगर धरला नाही. रात्री उठून दाराला कडी आहे की नाही ते बघायचे, मरेपर्यंत बघत होते. १९८३ला गेले.

मुक्ती झाली तेव्हा गावात वाजंत्री वाजली. काकाही नाचले, एका हाताने. त्यानंतर मंत्री आले, सत्कार झाले, ताम्रपट वाटले. पण काकांजवळ बसून 'तुला कोणी मारले, कसे मारले, नाव सांग' असे विचारायला एकही माणूस आला नाही. मारणाऱ्याचे नाव काकांना माहीत होते. त्यांनी ते मला सांगितले होते.

मोरजीच्या भावा, त्या बाईचे फोटो शोध. बाकी काही करू नकोस, ते शोध.

फोंड्याचा_मास्तर

आजी, तुमच्या पायावर डोके ठेवतो.

तुम्ही लिहिलेत म्हणून जे इतिहासात छापलेले आहे तेवढे जोडतो. रानडे गुरुजींना पोर्तुगालला नेले, लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात ठेवले. गोवा १९६१ला मुक्त झाला आणि ते सुटले जानेवारी १९६९ला. ज्या भूमीसाठी पकडले ती भूमी स्वतंत्र होऊन सात वर्षे झाली, तरी माणूस परक्या मुलखात कोंडलेला. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके धावपळ करत होते. आज युक्रेनमधून रशियाच्या तुरुंगांत नेलेल्या साध्या नागरिकांच्या बातम्या वाचल्या की मला गुरुजीच आठवतात. माणसाला त्याच्या भूमीतून उचलून नेणे म्हणजे त्याच्या घरच्यांना रोज थोडे थोडे मारणे.

आणि कासिमिरो मोंतेरो. जुन्या माणसांना हे नाव सांगावे लागत नाही. गोव्यातल्या छळासाठी कुप्रसिद्ध झालेला हा पोलीस पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत, पिडेत गेला. फेब्रुवारी १९६५ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचे विरोधक जनरल उम्बेर्तो देल्गादो यांचा स्पेनच्या हद्दीत खून झाला, त्यात हा होता. पोर्तुगालमध्ये लोकशाही आल्यावर लिस्बनच्या लष्करी कोर्टाने गैरहजेरीत त्याला दोषी ठरवले. तो दक्षिण आफ्रिकेत मेला, एकही दिवस शिक्षा न भोगता. पण बघा, देल्गादोंसाठी निदान खटला झाला, कागद झाले, साक्षी झाल्या. गोव्यातल्या लोकांसाठी त्याच्यावर असा खटला झाल्याचे मला माहीत नाही. आपल्या सरकारने मागणी केल्याचे ऐकले नाही आणि आपण लोकांनी केल्याचेही नाही. आनंदात होतो, घाईत होतो, आणि ते राहून गेले.

उलट बाजूचाही एक माणूस मला इथे आठवतो. शेवटचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा. सालाझारचा हुकूम होता, शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नको. त्यांनी तो मानला नाही, गोवा बेचिराख होऊ दिला नाही, शरण आले. त्याबद्दल स्वतःच्या देशाने त्यांना सैन्यातून काढून टाकले. वरून हुकूम होता म्हणून केले, असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे नाव सांगावे.

तारवटी

आजी, मी उगाच वाद घालत बसलो. इराकचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. पण तुमचे वाचून कळले की मी ज्याला कोर्ट म्हणत होतो त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट राहून जाते. पुढल्या महिन्यात जहाजावर चाललोय. त्याआधी भाच्याला बसवून मिकोलाइव्हचे दिवस लिहून घेतो. तारखा त्याला अजून आठवतात.

मोरजीकर

फोन सापडला. कणगीमागच्या पेटीत होता. स्क्रीन फुटलेली, बॅटरी फुगलेली. म्हापशाच्या बाजारात एका पोराने दीड तास बसून चालू करून दिला. वकीलसाहेबांनी सांगितले होते म्हणून आधीच बजावले, आतले काही पुसू नको, अपडेट करू नको.

चौदा फोटो आहेत. पहिला आला ११ मार्च २०२२, संध्याकाळी. स्वयंपाकघराची भिंत नाही, खिडकीचा पडदा मात्र तसाच लटकतोय, त्यावर पिवळी फुले. तिच्या आईने शिवलेला पडदा, ती म्हणाली. शिवाय एक आवाजी संदेश होता जो मी तेव्हा भाषा कळत नाही म्हणून ऐकलाच नव्हता. तो तिच्या आईचा. बारा सेकंद. मला विचारत होती, माझी मुलगी जेवते का?

ती बाई माडाखाली बसून तो किती वेळा ऐकत होती मी मोजले नाही. तीन नंबरची खोली यंदा रिकामी आहे.

गप्पांची प्रत काढली, डिस्कवर ठेवली, तारीख वहीत लिहिली. तिने दाव्याला जोडायला घेतली आहे. विशेष न्यायाधिकरणाचे मी तिला सगळे सांगितले, पदावर असेपर्यंत थांबणार तेही. तिने ऐकून घेतले. म्हणाली, तो पदावरून उतरेल तेव्हा माझा मुलगा जिवंत असेल, त्याच्याकडे कागद असतील. वकीलसाहेब, मास्तर, सगळ्यांना देव बरे करो.

साळगावची_विधी

आजी, मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमच्याकडे येऊन तुमची हकिकत रीतसर लिहून घेऊ का? रेकॉर्डिंग करेन, पण तुम्ही सांगाल तेवढेच. रविवारी चालेल?

सावयवेऱ्याची_आजी

रविवारी नको बाय, अनंताच्या देवळात माझी पूजा असते. शनिवारी ये, सकाळी, जेवूनच जा. चष्मा आणि मोठी वही घेऊन ये. ते नाव मी सत्तर वर्षे कोणाला सांगितले नाही. समोर बसशील तेव्हा सांगते.